वर्षाच्या आतली छाटणी

आमच्या घराण्यात एक रीत आहे. ज्याने झाड लावलं तो माणूस गेला, तर त्याचं वर्षश्राद्ध होईस्तोवर त्या झाडाला लोखंड लावायचं नाही. कुऱ्हाड नाही, विळा नाही, साधा खिळासुद्धा ठोकायचा नाही. माझे सासरे गेले तेव्हा त्यांच्या हातच्या आंब्यांना आणि बांधावरच्या बाभळीला वर्षभर कोणी हात लावला नव्हता. बाभळीची एक फांदी गाडीच्या वाटेवर उतरली होती, तर आम्ही वर्षभर बैलगाडी वाकडी नेली. रीत चांगली आहे. आंब्याला ती सोसते. आंबा वर्षभर नाही कापला तर त्याचं काही बिघडत नाही.

पण माझ्या नवऱ्याने मागे ठेवल्या त्या द्राक्षाच्या वेली. अर्धा एकर.

पोळ्याच्या थोडं आधी, सकाळी विहिरीच्या कठड्यावर बसून दात घासता घासता ते गेले. मी गोठ्यात होते. आले तेव्हा कडुलिंबाची काडी त्यांच्या तोंडातच होती. डॉक्टर म्हणाले, हृदय. सगळं रीतसर झालं, माणसं आली, गेली. मी रडले नाही. बाया एकमेकींना म्हणायच्या, बाई खंबीर आहे. खंबीर वगैरे काही नाही हो. पाय मुंग्या येऊन झोपला की त्याला चिमटा काढला तरी दुसऱ्याच्याच पायाला काढल्यासारखं वाटतं ना, तसं माझं सगळ्या अंगाचं झालं होतं. जिभेचंसुद्धा. मी वरणात दोनदा मीठ टाकलं आणि तेच वरण गपगप जेवले. माझी जाऊ शेजारीच राहते, तिने एक घास घेतला आणि काही न बोलता भांडं उचलून नेलं. त्या दिवसापासून स्वयंपाकाची चव तीच पाहू लागली. बाहेर कोणाला ती बोलली नाही, मीही नाही.

तर वर्षभर लोखंड नाही. आणि द्राक्षाची छाटणी येते दसऱ्यानंतर, पाऊस उघडला की. ती झाली नाही तर पीक नाही. आता पीक गेलं तर गेलं, एक वर्ष कापसावर काढता येतं. पण हे पीक वेगळं होतं. ते काहून वेगळं, हे कळायला वेलीबद्दल थोडं सांगावं लागेल. मी कुठल्या कॉलेजात शिकलेली नाही. नवऱ्याच्या मागे मागे हिंडून, त्यांचं ऐकून आणि पोरीला फोनवर विचारून विचारून जे कळलं तेच सांगते.

आमची लेक नाशिककडे दिली. तिच्या सासरी द्राक्षाचा बाग आहे. एका अधिकमासात जावयाला वाण द्यायला आम्ही दोघं तिकडे गेलो. मी अनारशांचा डबा घेऊन गेले आणि पोरीचे बाबा डोक्यात वेल घेऊन परत आले. आमच्या राळेगावाच्या भागात सगळीकडे कापूस, सोयाबीन, तूर. विहिरीजवळचा अर्धा एकर मात्र बरड, मुरमाड, कापूस तिथे गुडघ्याच्या वर कधी गेला नाही. व्याही म्हणाले, वाईनच्या द्राक्षाला अशीच गरीब जमीन लागते. मग आधी तिथे डॉगरिज नावाच्या रानवेलीचे खुंट लावले. त्याला खायचं फळ येत नाही, पण मूळ चिवट, खारं पाणी सोसणारं. ते खुंट वर्षभरात बोटाएवढे जाड झाल्यावर व्याही स्वतः आले आणि त्यांनी त्यावर शिराजच्या काड्या बांधल्या. शिराज म्हणजे काळं द्राक्ष, वाईनचं. ओल्या पोत्यात गुंडाळून एसटीने आणल्या होत्या त्या काड्या. खालची मुळं एकाची, वरचा वेल दुसऱ्याचा. सांधा जुळला की दोघांचं एकच पाणी वाहतं.

गावात सगळे म्हणाले, अंगूर लावला, अंगूर लावला. पहिलं फळ आलं तेव्हा शेजारी खायला आले आणि थुंकत परत गेले. "हे का अंगूर आहे? बियाच बिया अन् टरफल." वाईनचं द्राक्ष तसंच असतं, बारीक मणी, जाड साल, आत बी. रंग आणि कस सगळा त्या सालीत असतो. काळा मणी पिळला तर रस पांढराच निघतो, विश्वास बसत नाही. साल रसात मुरत पडली की मग लाल होतो.

मला तर गावात तोंड दाखवायची सोय राहिली नव्हती. चार बाया घेऊन मीच एके काळी देशी दारूच्या दुकानापुढे धरणं धरून बसले होते, ते दुकान उठवलं होतं. आता माझ्याच शेतात दारूचा अंगूर. नवरा म्हणायचा, "तू बंद पाडली, मी सुरू करतो. घरातल्या घरात हिशोब बरोबर." मी त्यांच्याशी आठ दिवस बोलले नव्हते. मग वेलीला पालवी फुटली, ती बघायला गेले आणि बोलले.

आमच्याकडून पहिल्या साली चूक झाली ती कापूसवाल्याचीच झाली असती. कापसाला युरिया दिला, झाड हिरवंगार झालं, की आपला जीव खूश होतो. तेच आम्ही वेलीला केलं. भरपूर पाणी, भरपूर युरिया. काय माजली वेल! मांडवाखाली दुपारी दिवा लागावा एवढी सावली. लोक बघायला यायचे. आणि पुढच्या छाटणीनंतर घड आलेच नाहीत. जिथे घड यायचे तिथे नुसत्या बाळ्या. बाळी म्हणजे ते गोल गोल वळणारं, तारेला धरून ठेवणारं बोट. व्याही फोनवर हसले. म्हणाले, घड आणि बाळी मुळात एकच वस्तू. डोळ्यात ती असते तेव्हा तिचं ठरलेलं नसतं. ऊन मिळालं, ऊब मिळाली, अंगात साठा असला तर घड होतो. सावली आणि नुसता पालाच असला तर बाळी होते. त्याला तिकडे घड जिरला असं म्हणतात.

वेलीच्या काडीवर पानाच्या बगलेत जो कोंब असतो त्याला डोळा म्हणतात. मोहरीपेक्षा थोडा मोठा. पोरीच्या बाबांना व्याह्यांनी एकदा तिकडच्या प्रयोगशाळेत नेलं होतं. तिथे डोळा चिरून सूक्ष्मदर्शकाखाली दाखवला. घरी येऊन ते मला सांगत होते, "अवं, एवढ्याश्या डोळ्यात फुलकोबी बसली आहे." ती फुलकोबी म्हणजे येणाऱ्या सालचा घड. आणि एका डोळ्यात एक नाही, तीन कोंब. मधला मुख्य. तो मेला तर बाजूचा उठतो, पण त्याच्याजवळ घड कमी. तिसरा तर नावालाच.

आमच्याकडे वेल वर्षात दोनदा छाटतात. एप्रिलात खरड छाटणी, म्हणजे सगळी जुनी काडी काढून एकच डोळा ठेवायचा. त्यातून नव्या काड्या येतात. मे-जूनच्या आमच्या मरणाच्या उन्हात त्या काड्यांवरच्या डोळ्यांत घड ठरतो. मग पावसाळाभर काडी पिकते, हिरवीची तांबूस होते, आणि दसऱ्यानंतर फळछाटणी केली की झोपलेला डोळा उठतो.

आता कळलं असेल. पोरीच्या बाबांनी एप्रिलात खरड छाटणी केली. मे महिनाभर डोक्याला ओला पंचा बांधून ते एकेक काडी मोकळी करत होते, डोळ्यांवर ऊन पडावं म्हणून. जूनपर्यंत घड आत तयार होऊन बसले. आणि मग ते गेले. फेब्रुवारीचं पीक त्यांनी आधीच करून ठेवलं होतं. फक्त उठवायचं होतं. त्या दिवसांत मला कशाचीच इच्छा होत नव्हती. भूक नाही, झोप नाही, कोणी यावं असं नाही, जावं असं नाही. हे एक पीक मात्र मला यायला हवं होतं. तेही रडून, तळमळून नाही. दाराची कडी लावायची राहिली की कसं डोक्यात राहतं, तसं.

दसऱ्याला आम्ही अवजारांची पूजा करतो. या वर्षी घरात झाली नाही. त्यांची छाटणीची कात्री भिंतीच्या खिळ्याला टांगलेली होती, तिला त्यांनी स्वतः तेल लावून ठेवलेलं. दसरा झाला आणि मी धाकट्या दिराकडे गेले. ते ओसरीवर तूर निवडत बसले होते.

"भाऊजी, वेलीची छाटणी आली."

"वर्षाचं झालं नाही ना वैनी अजून."

"वेल थांबत नाही."

"बाबाच्या वक्ती आंबा थांबला होता."

"आंबा थांबते. अंगूर नाही थांबत. नाही कापलं तर शेंड्याचे दोन-चार डोळे फुटतील अन् खालचे सगळे झोपून राहतील. सारा दम शेंडाच खाईन."

"राहू द्या झोपून. दादा झोपला, त्याची वेल बी झोपन वर्षभर."

"मजुराकडून करून घेतलं तर?"

"मजूर म्हणजे आपलाच हात झाला. मी सांगतो तवा तो कापते." त्यांनी सूप बाजूला ठेवलं. "वैनी, तुमाले वाटते मी आडवा येऊन राह्यलो. उद्या घरात पोरासोराले काही झालं तर लोक मले विचारतीन का वेलीले?"

त्यांचंही खरं होतं. घरात आता तेच मोठे. भावाच्या चितेला अग्नी त्यांनीच दिला. आम्हाला मुलगा नाही. मी परत आले आणि पोरीला फोन लावला.

ती सगळं ऐकून म्हणाली, "आई, मी येते. मी छाटते."

दुसऱ्या दिवशी दिरांना तेवढंच सांगितलं. त्यांनी निवडलेली तूर पोत्यात ओतली. मग हळूच म्हणाले, "पोरगी कापत असंन तर कापू द्या. ती दिलेली. तिले तर तीनच दिवसाचं सुतक होतं, तिचं फिटलं. रीत घरच्या माणसाले आहे, तिले नाही." आणि थोडं थांबून, "कात्री मात्र तिच्या घरची आणन म्हना. दादाची नको."

मी ते जसंच्या तसं पोरीला सांगितलं. फोनमध्ये तिच्याकडच्या ट्रॅक्टरचा आवाज येत राहिला. मग म्हणाली, "बरं. परक्या घरची म्हणून येते."

आली ती रात्रभर बसमध्ये अवघडून, हातात एक पिशवी, पिशवीत दोन कात्र्या. चहा घेऊन थेट शेतात. काका बांधावर उभे होते, वेलीकडे पाठ करून.

"काकाजी, नमस्कार करते. कशाला उन्हात उभे? मला काय लागलं तर आई आहे ना."

"आता पाय, कशी मला-तुला करून राह्यली. आमची भाषा बी तिकडंच ठेवून आली."

"मी या घरची नाही ना, मग भाषा तरी कशाला ठेवू?"

काकांनी वळून विहिरीजवळच्या वेलीकडे बोट केलं. ती त्यांच्या भावाने लावलेली सगळ्यात पहिली. "ते एक राहू दे पोरी. येक तरी वर्ष पुरं करू दे त्याच्या नावानं."

"राहू देते," ती म्हणाली.

छाटणी बघताना वाटतं हाताला दयामाया नाही. एवढी मोठी वेल, तिच्यावरचा सगळा पसारा जातो आणि तारेवर फक्त आखूड काड्या राहतात. पोर एकेक काडी हातात धरायची, डोळे अंगठ्याने चाचपायची. जाड, टम्म डोळा असेल तिथवर ठेवायचं, पुढचं तोडायचं. बारकी काडी दिसली की दोनच डोळ्यांवर. हे तिला सासऱ्यांनी शिकवलं. मी मागे मागे तोडलेल्या काड्या गोळा करत होते. तिचे हात हुबेहूब बापासारखे. काडी धरायच्या आधी ते पंच्याला पुसायचे, तसा ती अंगठा पदराला पुसत होती. मी ते पाहिलं आणि मला काही झालं नाही. हे मला आठवतं, की काही झालं नाही.

कापलेल्या टोकातून पाणी ठिबकायला लागलं. स्वच्छ पाणी, थेंब थेंब. काड्या उचलायला आलेल्या बायांतली एक म्हणाली, "बाई, वेल रडून राह्यली."

"रडत नाही," मी म्हटलं. "खालून मुळं पाणी वर ढकलतात, वर पानं नाहीत ते प्यायला. म्हणून गळते. मुळं जिवंत आहेत एवढाच त्याचा अर्थ."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. पोळ्यापासून त्या माझ्या रडण्याची वाट पाहत होत्या आणि मी त्यांना मुळांचं सांगत होते.

छाटणीनंतर डोळ्यांना एक औषध लावतात, सगळे डोळे एकदम फुटावे म्हणून. आमच्याकडे थंड देशांसारखी थंडी पडत नाही, डोळे मागेपुढे उठतात, आणि मग घडही मागेपुढे पिकतात. ते औषध जहाल. हातमोजे घालून बोळ्याने लावायचं, आणि लावणाऱ्याने पुढचे दिवस दारूचा थेंब घ्यायचा नाही, अंग लाल होतं, जीव घाबरा होतो. पोरीने हे समजावून सांगितल्यावर तीच बाई म्हणाली, "मंग माह्या नवऱ्याच्या हाताले रोज लावून द्या." सगळ्या हसल्या. पोरही हसली. मला हसणं दिसलं, ऐकू आलं. मी मोजे धुऊन वाळत टाकले.

पोर दोन दिवस राहून गेली. तिच्याकडेही छाटणी होती.

मग डोळे फुगले. त्यांच्यातून कापसासारखं काहीतरी डोकावलं, मग गुलाबी टोक, मग पान, आणि पानांच्या मागे बोटाच्या पेराएवढा हिरवा घड. जवळजवळ प्रत्येक काडीवर. कुठे दोन. बाळ्या कमी. दीर रोज येऊन दुरून बघायचे, एक दिवस आत आले. वाकून घड पाहिला, हात मागे बांधलेलेच.

"हे दादाच्या वक्तीचं?"

"हो. मे महिन्यातलं."

"तवा मी त्याले म्हटलं होतं, कायले उन्हात मरतं. घरी चाल." ते जरा वेळ तसेच वाकलेले राहिले. मग सरळ झाले आणि म्हणाले, "बुरशीचं औषध मी मारत जातो. तुमच्यानं पंप उचलत नाही."

तेव्हापासून फवारणी त्यांची. पहाटे धुकं पडलं की आधी पानाची खालची बाजू बघायची, तिथे पांढरट बुरशी दिसली की उशीर झाला, हे मी त्यांना सांगितलं. ते चष्मा कपाळावर चढवून पान पान उलटं करून बघत.

द्राक्षाला फुलं येतात ते पुष्कळांना माहीत नसतं. पाकळ्या उमलत नाहीत, एक हिरवी टोपी वर उडून पडते आणि आतले केसर मोकळे होतात. मधमाशी लागत नाही, त्याचं त्यालाच पुरतं. बारीक गोडसर वास असतो. मागच्या साली पोरीच्या बाबांनी मला हाताला धरून नेलं होतं त्या वासासाठी. या साली मी एकटी जाऊन उभी राहिले, नाक घडाला लावलं. वास नव्हता. फुलं होती, टोप्या खाली पडलेल्या होत्या, म्हणजे वास असणारच.

मणी धरले, वाटाण्याएवढे कडक हिरवे झाले, आणि तसेच बरेच दिवस राहिले. त्या काळात वेल वरून थांबलेली दिसते, पण आत बी भरत असतं. मग एक दिवस एखादा मणी मऊ पडतो आणि त्याच्यावर जांभळा डाग येतो. त्याला मण्यात पाणी उतरलं म्हणतात. तिथून पुढे आंबटपणा उतरत जातो, साखर चढत जाते. पाणी कमी द्यायचं, मणी लहान राहिला पाहिजे. पाखरं येऊ नयेत म्हणून माझ्या रंगीत साड्या दोन्ही बाजूंनी बांधल्या. आता त्या नेसायच्या नव्हत्याच. जाऊ म्हणाली, "बाई, येक-दोन तरी चांगल्या ठेवा." मी म्हटलं, चांगल्याच बांधल्या पाहिजेत, फाटक्यातून पाखरू शिरते.

विहिरीजवळची न छाटलेली वेल तोवर रान झाली होती. शेंडे तारेवरून निघून शेजारच्या लिंबाच्या झाडावर चढले. वर कुठे कुठे घड दिसत, हाताला न लागणारे. खालची काडी उघडी, तिचे डोळे बंद. ते डोळेही मे महिन्यातलेच होते.

आता तोडणी. खायचं द्राक्ष गोड झालं की तोडतात. वाईनच्या द्राक्षाला तेवढं पुरत नाही. आमचा माल नागपूरच्या रस्त्याला एक गृहस्थ वाईन करतात, ते घेतात. गोडी मोजायचं एक लहान यंत्र पोरीच्या बाबांकडे होतं, काचेवर रस टाकायचा आणि उजेडाकडे धरून आत बघायचं. पण बी पिकलं की नाही, ते यंत्रात दिसत नाही. बी कच्चं असलं तर वाईन घशाला ओढते म्हणे. त्यासाठी मणी तोंडात घ्यायचा, साल चावायची, मग बी दाताखाली घेऊन बघायचं. हे काम मागची सगळी वर्षं माझं होतं. वाईन कधी ओठाला लावली नाही, पण नवरा म्हणायचा, जीभ तुझीच. मी म्हणेन तेव्हा तोडणी.

आणि फेब्रुवारी सरता सरता आभाळ आलं. या दिवसांत आमच्याकडे गारा पडतात. एक सपाटा आला की सगळं मातीत. दीर यंत्र घेऊन आले.

"वैनी, गोडी भरली. आकडा दादा म्हणत होता तिथं गेला. तोडून टाकू."

मी वाईनवाल्यांना फोन केला. ते म्हणाले, "काकू, गोडी ठीक आहे, पण बी कसं आहे ते तुम्हीच सांगा. तुमच्या सांगण्यावर गाडी पाठवतो."

मी मणी तोडला, तोंडात टाकला. ओलं काहीतरी होतं. साल होती. बी होतं. बाकी काहीच नव्हतं. दुसरा टाकला. दीर माझ्या तोंडाकडे बघत होते, वर ढग होते.

"काय म्हणते?"

"भाऊजी, मले चव कळत नाही."

"म्हणजे?"

"काहीच कळत नाही. मीठ बी नाही, साखर बी नाही."

"कवापासून?"

"पोळ्यापासून."

त्यांनी यंत्र खिशात टाकलं. मग म्हणाले, "अन् आमी समजून राह्यलो का वैनीले जेवण जाते, म्हणजे वैनी ठीक आहे." त्यांनी स्वतः एक मणी तोडून तोंडात टाकला आणि तोंड वाकडं केलं. "मले काय समजते यातलं. कडू आहे."

"कडू कसं? कच्च्या केळाच्या सालीवानी जीभ ओढते, का भाजलेल्यावानी?"

"ओढते."

"अन् बी दाताखाली वाकते का फुटते?"

त्यांनी चावून बघितलं. "वाकते. वल्लं आहे."

"मंग नाही. आज नाही."

"वैनी, आभाळ पाहा."

"पाह्यलं. आज नाही."

ते पाय आपटत गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी न बोलावता आले. मणी घेतले, चावले, सांगितलं, ओढते. तिसऱ्या दिवशी म्हणाले, कमी ओढते, पण मले वाटते का खरंच, देवाले माहीत. त्यांच्या जिभेला मागच्या कुठल्या सालाची आठवणच नव्हती. माझ्या डोक्यात सगळी आठवण होती आणि जिभेवर काही नव्हतं. आम्ही दोघं असे बांधावर उभे राहून बिया थुंकायचो. गारा पडल्या, पण पलीकडच्या गावात. आमच्यावर नुसता वारा आला आणि साड्या सुटल्या.

मग एका सकाळी मी आपली सवयीने एक मणी घेतला. बी दाढेखाली धरलं आणि ते तुटलं. कट्कन. आतून डोक्यात ऐकू आलं, फुटाणा फुटावा तसं. चव नव्हतीच. पण हा आवाज मला माहीत होता. मी दुसरं बी हातावर काढून बघितलं, तपकिरी, टोकाला हिरवं उरलेलं नाही. आणखी चार ओळींत जाऊन चार घडांचे मणी खाल्ले. सगळीकडे तोच आवाज. दिरांच्या हातावर एक ठेवला.

"चावा."

त्यांनी चावलं. "भाजलेल्यावानी लागून राह्यलं," ते म्हणाले. "आता तोडायचं?"

"आता तोडायचं."

मग त्यांनाच आठवलं. घड तोडायला कात्री लागते, म्हणजे लोखंड, आणि पोरीची तिकडे स्वतःची तोडणी चालू, ती येणार नाही. त्यांनी टोपी काढली, परत घातली. "देठ फळाचा असते," ते म्हणाले. "झाडाचा नाही. फळाले चालते."

ऊन चढायच्या आत तोडलं. बाया दोन ओळींतून भराभर पुढे जात होत्या, त्यांचे हात जांभळे झाले होते. क्रेट भरून गाडी गेली. गाडी वळणावर दिसेनाशी झाली तेव्हा मी पाहिलं की मांडव नुसता पानांचा उरलाय. दार लागलं, कडी लागली, असं वाटलं. एवढंच वाटलं. संध्याकाळी वाईनवाल्यांचा फोन आला, बी छान होतं काकू. मी म्हटलं, बरं.

एप्रिलात पोर पुन्हा आली, परक्या घरची कात्री घेऊन, खरड छाटणीला. काकांनी चिडवलं, "आली का पाहुणी?" ती म्हणाली, "मानाची. आधी चहा." विहिरीजवळची वेल सोडून तिने बापाच्या हातच्या सगळ्या काड्या काढल्या. त्या वाळवून मी चुलीला लावल्या, चांगल्या जळतात. नंतर जे डोळे आले ते त्यांनी न पाहिलेले. त्यांच्यावर ऊन पडावं म्हणून मे महिन्यात काड्या मी मोकळ्या केल्या, दिरांनी केल्या. ओला पंचा बांधून.

श्रावणात वर्षश्राद्ध झालं. जेवणावळ उठल्यावर दीर मला म्हणाले, "वैनी, आता मोकळं झालं. तिकडची ती येक वेल दादाच्या कात्रीनं तुमीच कापा."

मी खिळ्यावरची कात्री काढली. तेलावर धूळ बसली होती, ती पुसली. विहिरीजवळ गेले. वेल लिंबाच्या झाडावर चढलेली, पावसाने पानं ओली. दीर मागे उभे होते. मी एक काडी हातात घेतली, अंगठ्याने डोळा चाचपला.

"काहून थांबल्या?" त्यांनी विचारलं.

"पाऊस आहे, भाऊजी. आता कापलं तर कोंब फुटून सडून जाईन. दसऱ्यानंतर कापू."

"एवढं वर्ष थांबलो ते?"

"अजून थोडं."

घरी येऊन मी कात्री पुन्हा खिळ्याला लावली. जाऊने माझ्यासाठी पान वाढून ठेवलं होतं, कढी, भात, पुरण. मी कढीचा घोट घेतला. कढी आंबट होती. आता मला आंबट कळतं. बाकीचं अजून नाही.